डोंगरीमायचा कौल

"दगडाला आधी हात लाव, मग बोल. आणि तो जे सांगत नाही, ते त्याच्या तोंडी घालू नकोस."

कड्याच्या माथ्यावर उभ्या असलेल्या हेमलताला वडिलांचं हे सांगणं आठवलं. विहिरी खोदण्यात त्यांचा जन्म गेला होता. तिने वाकून भेगेत हात घातला. मनगट गेलं, मग कोपरही गेलं. मागच्या उन्हाळ्यात इथे जेमतेम बोटं शिरत होती.

खाली लेण्यांचं उद्यान होतं आणि त्याला लागून, कड्याच्या अगदी पोटाखाली, लेणीपाडा. कड्यात वर काळा पाषाण, मध्ये लाल मातीचा थर, खाली पुन्हा पाषाण. भेगेतून उतरलेलं पाणी त्या लाल थरात मुरलं की तो लोण्यासारखा होतो, आणि वरचा कडा घसरू शकतो. पावसाळ्याआधी पाडा उठायला हवा होता. पलीकडच्या गायरानावर पत्र्याची घरं बांधून तयार होती. रिकामी.

लोक उठत नव्हते. लेण्यातल्या डोंगरीमायला सोडून जायचं कसं, हा एकच सवाल. अभ्यासक त्या जुन्या मूर्तीला यक्षी म्हणत. पाड्याची ती आई होती.

कौतिकनाना पाड्यातले वडीलधारे, जिभेने तिखट. ही सरकारी भूगर्भवाली बाई सोमवारी मीठ खात नाही, रोज दिवा लावल्याशिवाय पाणी पीत नाही, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

"ताई, तुमना डोंगर बी उपाशी शे का?" त्यांनी विचारलं. "आमलेच खाई का?"

सगळे हसले. हेमलताही हसली. मग नाना म्हणाले की आईला कौल लावू. ती जा म्हणाली तर पाडा उठेल, नको म्हणाली तर ताईंनी हा विषय पुन्हा काढायचा नाही. हेमलताने मान्य केलं. तिच्यापाशी दुसरा मार्ग उरलाच नव्हता.

कौलाची रीत साधी होती. मूर्तीवर पाणी घालायचं आणि ओल्या कपाळावर कण्हेरीचं फूल चिकटवायचं. उजवीकडे पडलं तर होकार, डावीकडे पडलं तर नकार. गाभाऱ्यात फक्त पुजारीण. बाकीच्यांनी बाहेर, पाठ करून बसायचं. होकार असेल तर ती घंटा वाजवणार.

पुजारीण होती भागाबाई. पाडा उठवायला सगळ्यात कडवा विरोध तिचाच होता. पण तिच्या कौलावर कुणी कधी शंका घेतली नव्हती. पोटच्या मुलीच्या लग्नाला डावा कौल आला, तेव्हा ठरलेलं लग्न तिने स्वतः मोडलं होतं.

हेमलताच्या हाताखालचा भूपेंद्र कामाचा मुलगा, पण त्याला धीर नव्हता. फुलं आपणच नेऊ, देठाला एका बाजूने मेणाचा ठिपका लावू, कुणाला कळणार नाही, असं तो हळूच म्हणाला. माणसं वाचतील ना, ताई?

"देवाशी लबाडी नाही," हेमलता म्हणाली. पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

कौलाच्या आदल्या संध्याकाळी भागाबाईने तिला ओट्यावर बोलावून चहा दिला.

"डोंगर ई का नही? आईनी आण लिसन सांग."

एक शपथ घेतली की काम होण्यासारखं होतं.

"आण घेणार नाही, अक्का. तो येईलच, असं मला सांगता येत नाही. येऊ शकतो, एवढंच कळतं." तिने ओट्यावरून हात फिरवला. "पण माझं लेकरू मी इथे झोपवणार नाही."

भागाबाईने कप उचलले आणि ती आत निघून गेली.

सकाळी सगळा पाडा लेण्याबाहेर पाठ करून बसला. आत पाणी ओतल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. हेमलता मनात जप करत होती आणि तो मध्येच तुटत होता. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नाना खाकरले, गुडघ्यावर हात टेकून उठायलाही लागले.

तेवढ्यात घंटा वाजली. जोरात, आणि वाजतच राहिली.

त्याच दिवशी ट्रॅक्टर भरायला लागले. भागाबाई बाहेर आली ती खाली मान घालून. गुळाचा प्रसाद तिने सगळ्यांना वाटला, स्वतः तोंडात टाकला नाही. जन्माचं घर सुटतंय, जीव तुटणारच, असं हेमलताला वाटलं.

श्रावणात, भर दुपारी, कडा आला. गायरानावरून सगळ्यांनी पाहिलं. काळा पाषाण अख्खाच्या अख्खा सरकला, लेण्यांच्या अंगावरून न जाता बाजूने उतरला आणि पाड्यावर बसला. धूळ खाली बसली तेव्हा घरं दिसत नव्हती. लेण्याचं तोंड मात्र जसंच्या तसं होतं.

नानांनी दारोदार हाका मारल्या. प्रत्येक घरातून ओ आली. शेळ्यासुद्धा जागच्या जागी होत्या. मग कुणीतरी ढोल काढला. नानांनी हेमलताच्या कपाळी गुलाल लावला.

"डोंगरनी उपास सोडा, ताई, पन घास नही भेटना त्याले."

पोरीबाळी नाचल्या. म्हातारे रडता रडता हसत होते. आईनेच वाचवलं, असं जो तो म्हणत होता, आणि हेमलताही तेच म्हणत होती.

खण-नारळ घेऊन ती भागाबाईची ओटी भरायला गेली. भागाबाई फडक्यात भाकरी बांधत होती. सप्तशृंगीच्या गडावर पायी निघाले, बोललेलं आहे, असं ती म्हणाली. चैत्राची यात्रा तर केव्हाच होऊन गेली होती. पण गाव वाचलं म्हणून नवस फेडायला निघाली असेल, असं समजून हेमलताने चपला घातल्या. आईने एवढा उजवा कौल दिला, गडापर्यंत मीही चालते, म्हणाली.

भागाबाईने दाराबाहेर कुणी नाही ना ते पाहिलं. स्वतःच्या चपला काढून भिंतीशी ठेवल्या.

"तू नको येऊ, माय. माफी माले एकलीले मागनी शे. फूल डाव्या अंगले पडनं व्हतं," असं हळूच सांगून ती अनवाणी गडाच्या वाटेला लागली.