तारांची तिसरी जोडी

भिंतीतून तारांच्या दोन जोड्या निघायला हव्या होत्या. निघाल्या तीन.

कोलेट स्टुलावर तशीच थबकली. एक जोडी घर गरम ठेवणाऱ्या तळघरातल्या बॉयलरची. दुसरी माळ्यावरच्या थंड हवेच्या यंत्राची. ते तर गेल्या उन्हाळ्यातच बसवलं होतं. नवा थर्मोस्टॅट बाळाच्या खोलीतल्या छोट्या डबीवरून तिथलं तापमान ओळखून दोन्ही सांभाळणार होता. दोन यंत्रांची वीज एकमेकांत मिसळली तर काहीतरी जळणार, म्हणून दोन लाल तारा वेगवेगळ्या खोबणींत घालायच्या, मधली जोडपट्टी काढून टाकायची, हे तिनं पुनःपुन्हा वाचून ठेवलं होतं. पण ही तिसरी जोडी? ती बॉयलरच्या तारांना पिळून जोडलेली होती आणि भिंतीत आडवी शिरत होती.

आतल्या खोलीत तान्ही एलोडी खोकली. सकाळपासून हे असंच.

"काय गं, जमतंय का?" सासऱ्यांनी, ओमेरनी, स्वयंपाकघरातून विचारलं. "आणि लक्षात आहे ना? यंत्र नवं असो नाहीतर जुनं, नोव्हेंबरच्या एक तारखेआधी या घरात बॉयलर पेटत नाही!"

"आहे लक्षात, बाबा."

विसरू कुठं देत होते! ल्युइस्टनच्या चर्चबाहेर दर रविवारी कॉफीचे पेले धरून म्हातारे एकमेकांना हेच विचारत, "पेटवलास का रे?" पेटवला म्हणणाऱ्याची मग हिवाळाभर टिंगल. ओमेर कधीच हरले नव्हते. इकडे पोर टोपी-हातमोजे घालून झोपत होती. पण घर त्यांचं. बोलणार कोण?

भिंतीपलीकडे चादरींचं कपाट होतं, सासूबाईंचं. सिमोन ईस्टरनंतर गेल्या, तेव्हापासून ते कुणी उघडलं नव्हतं. कोलेटनं रजया बाजूला सारल्या. मागच्या फळीवर बॉयलरची ऊब कमी-जास्त करायची एक जुनी गोल तबकडी होती, तिसरी जोडी तिलाच येऊन मिळालेली. काटा पार खाली उतरवलेला. बोटं लागून लागून कड गुळगुळीत झाली होती.

तिला आधी हसू फुटलं. मग तिनं स्वयंपाकघराकडं पाहिलं. भोळा म्हातारा रविवारी छाती फुगवून सांगत असायचा, आणि बायको इथून... हे त्यांना सांगायचं तरी कसं?

मागं सपाता वाजल्या. तिनं घाईनं रजई पुढं ओढली.

"राहू दे," ओमेर दारातून म्हणाले. "ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्याच वर्षापासून. खोलीतल्या रेडिएटरला हात लागला की तो तापलाय हे कळत नाही होय? सप्टेंबर संपला की ही हळूच काटा चढवायची. मग मी जाड स्वेटर चढवून 'हुऽहुऽ, काय गारठा पडलाय' म्हणत बसायचो. पाठीवरून घामाच्या धारा! करतो काय? मला कळलंय हे तिला कळलं असतं, तर बॉयलर बंद करावा लागला असता."

आतून पुन्हा खोकला आला. ओमेरनी तिच्या हातातल्या नव्या यंत्राकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली.

"पोरी, ते तिकडं दर्शनी भिंतीवर कशाला लावतेस? तारा इकडं ओढून घे. आणि रजया होत्या तशा पुढं लावून ठेव."