दोनशे टन नापास

दोनशे टन बटाट्याचा स्टार्च नापास झाला. तपासनीस ताईंनी तसं वहीत लिहिलं, खाली सही केली. मग मालकीणबाईंनी ती वही मिटली, आणि असं काही घडलेलंच नाही असं सर्वानुमते ठरलं.

"तू पुन्हा एकदा वास घेऊन बघ," मामा म्हणाले.

मामा म्हणजे ताईंचे सख्खे मामा. कारखान्याची खरेदी-विक्री तेच बघायचे. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. ताईंना सगळा कारखाना पाठीमागे 'नाक' म्हणायचा.

ताईंनी पोत्यातून चिमूटभर स्टार्च उचलून दाबला. चांगला स्टार्च चिमटीत कुरकुरतो. हा गप्प राहिला.

"ओल्या फडक्याचा वास येतोय, मामा."

"समुद्रातून आलाय गं तो. तुला महिनाभर जहाजात कोंडलं तर तुझाही येईल."

यंदा रोग पडून बटाटा जमिनीतच सडला होता. कारखान्याकडे स्वतःचा म्हणून एक पोतंभर स्टार्च नव्हता. आणि नूडल्सवाल्यांना, म्हणजे एकुलत्या एक मोठ्या गिऱ्हाइकाला, दोनशे टन द्यायचे होते. नाही दिले तर ते कायमचे दुसरीकडे जाणार आणि नव्वद माणसं घरी बसणार. मामांनी जगभर फोन फिरवले, तेव्हा कुठे पाच व्यापाऱ्यांच्या हातांतून आलेला हा माल मिळाला. पोत्यांवर बनवणाऱ्याचं नाव-गाव नव्हतं. कुठल्याशा व्यापाऱ्याने त्यांवर बर्फाच्या डोंगराचं चित्र चिकटवलं होतं. माल कुणी बनवला ते कुणी सांगत नव्हतं. व्यापाऱ्याने ते सांगितलं तर व्यापारी हवा कशाला?

दोन वर्षांपूर्वी उलटं होतं. बटाटा इतका पिकला होता की स्टार्च ठेवायला जागा नव्हती. अर्धं गोदाम मामांनी मिळेल त्या भावात परदेशी खपवलं होतं. त्याबद्दल मालकीणबाईंनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते अजून चालतं, दहा मिनिटं मागे.

"पास करून टाकू," मामा म्हणाले. "नूडल्स खाणाऱ्याला काय कळतंय?"

"पहिल्या उकळीला भांड्यात खळ होईल. मग कळेल."

"अगं, आपली नव्वद घरं आहेत."

"चार वर्षांत माझ्या सहीने एक वाईट पोतं बाहेर गेलेलं नाही, मामा."

मामांनी हात टेकले. ताईंनी एक पोतं उभं फाडलं. कडेचा स्टार्च मोकळा होता, मधोमध मुठीएवढे गोळे होते. ताईंचा चेहरा उजळला.

"हे बघा. समुद्राची ओल बाहेरून आत जाते. ही आतच होती. बनवणाऱ्याने न सुकवताच पोती शिवलीत!"

मालकीणबाई खुर्चीतून उठल्या. बनवणाऱ्याची चूक असेल तर ताजा माल त्याने फुकट द्यायचा, असा धंद्याचा नियम होता. त्यांनी नूडल्सवाल्यांच्या हातापाया पडून एक महिना मागून घेतला. आता सगळा कारखाना एका अनोळखी माणसाच्या कबुलीवर उभा होता.

तक्रार ताईंनी लिहिली. तीन पानं. त्यात 'हलगर्जी' सात वेळा आलं.

"मामा, 'तुमच्या तपासनीसाला नाक आहे की नाही' असं लिहू?"

"लिही. पण 'सदर' घाल. सदर तपासनीसाला."

"अशा माणसाला कामावर ठेवतात तरी कसे?"

"कोऱ्या दाखल्यांवर आधीच सह्या करून ठेवत असेल."

"ते तर सगळेच करतात हो. हंगामात ट्रक काय आमच्यासाठी थांबणारेत?" म्हणत ताईंनी आठवं 'हलगर्जी' लिहिलं.

तक्रार निघाली. पहिल्या व्यापाऱ्याकडून पोच आली : 'आमच्या पुरवठादाराकडे पाठवली आहे.' मालकीणबाईंनी ती फळ्यावर लावली. मग दुसरी आली, तिसरी आली. जेवायच्या सुट्टीत माणसं फळ्यासमोर डबे घेऊन उभी राहायची. चौथी पोच आली त्या दिवशी गोदामवाल्यांनी ताज्या मालासाठी जमीन धुऊन काढली. पाचवीत लिहिलं होतं : 'तक्रार मूळ उत्पादकाकडे रवाना.'

"आलाच समजा," मामांनी नूडल्सवाल्यांना फोनवर सांगितलं. त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा घेतला.

विसाव्या दिवशी जाड पाकीट आलं. मालकीणबाईंनी ते उभ्यानेच फोडलं आणि मग बसल्या. मामांनी वाचलं आणि डोळ्यांवरचाच चष्मा खिशात शोधू लागले.

"काय झालं? नाही म्हणतोय?" ताईंनी विचारलं. "द्या इकडे. मी बघते त्याच्याकडे."

पाकिटात त्यांचीच तीन पानं होती, पाच शिक्के खाऊन आलेली. त्यांना दोन वर्षांपूर्वीचा दाखला टाचला होता. 'माल उत्तम' असं छापलेलं आणि त्याखाली ताईंची सही, शेवटच्या वेलांटीसकट. सोबत पाचव्या व्यापाऱ्याचं पत्र :

'महोदय, आपण तयार केलेल्या मालाविषयीची तक्रार सोबत जोडली आहे. तक्रारदाराचे म्हणणे आम्हांस पूर्णपणे पटले आहे. आपला व तक्रारदाराचा पत्ता एकच दिसतो. ती टंकलेखनातील चूक समजून आम्ही तिकडे दुर्लक्ष केले आहे. तरी मूळ उत्पादक या नात्याने आपण दोनशे टन ताजा माल तक्रारदारास पंधरा दिवसांच्या आत विनामूल्य पोहोचता करावा, ही नम्र विनंती.'