मॉनिटरवरचा डाग

"डाग आहे त्यावर," सिक्स्टन म्हणाला आणि नवा कोरा मॉनिटर पुन्हा खोक्यात घालू लागला.

इल्वा बर्फाने ओले झालेले बूट काढता काढता थांबली. "कुठे?"

"वर. डाव्या अंगाला."

"सकाळभर मी त्याच्यासमोर बसले होते. मला नाही दिसला."

"लक्ष नसेल तुझं."

हे वाक्य तिला झोंबलं. स्वीडनमधल्या उमेओच्या इस्पितळात एक्स-रे वाचण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. धुक्यातून धुकं वेगळं काढणं हेच तिचं काम, आणि तिच्याच लक्षाबद्दल हा बोलणार!

यंदा आठवड्यातले काही दिवस घरून काम करायची परवानगी मिळाली, तेव्हा सिक्स्टननं हौसेनं तिच्यासाठी कॉम्प्युटर बांधायला घेतला. तो शाळेत सुतारकाम शिकवायचा. हातात पेचकस आला की गडी खूश. सुटे भाग त्यानं झटपट जोडले, पण मॉनिटरपाशी अडला. काळा किती काळा दिसतो, राखाडीच्या शेजारशेजारच्या छटा वेगळ्या ओळखू येतात का, कडेला उजेड झिरपतो का, यात त्यानं सगळा शरद ऋतू घालवला.

"लग्नाच्या वेळी एवढी चौकशी केली असतीस, तर मला नाकारलंच असतंस," ती तेव्हा म्हणाली होती.

"केली होती की. तुझ्या आईनं काही कळू दिलं नाही."

आता मात्र तो थट्टा करेनासा झाला होता. बदली मॉनिटर आला. उजेड मोजणारं छोटं यंत्र काचेवर टेकवून त्यानं तो जुळवला. एकदा झालं, पुन्हा जुळवला. खिडकीवर जाड पडदा लावला. रविवारी तिसऱ्यांदा तेच.

"अरे, झालाय तो नीट," इल्वा म्हणाली.

"खात्री हवी."

जेवताना त्यानं मध्येच विचारलं, "जुन्या मॉनिटरवर एखादी बारीक गोष्ट नजरेतून सुटू शकते का गं?"

"माझ्या नजरेतून?"

"कुणाच्याही."

तिनं काटा खाली ठेवला. "सिक्स्टन, तुला नेमकं काय म्हणायचंय?"

"काही नाही. बटाटे घे."

दोन दिवसांनी ती लवकर घरी आली. तो तिच्या टेबलाशी वाकून बसला होता. तिची चाहूल लागताच त्यानं मॉनिटर बंद केला.

"काय बघत होतास?"

"चाचणीचं चित्र. राखाडी पट्टे असतात ना, ते."

पट्टे नव्हते, बरगड्या होत्या. बरगड्या तिला दारातूनही ओळखू येत.

रुग्णांची चित्रं घरातल्या माणसानं उघडली हे इस्पितळात कळलं असतं, तर तिला कुणीच वाचवलं नसतं. तिनं गुपचूप कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी त्यानं तक्रार केली नाही, की कुरकुरही नाही. म्हणजे चित्र त्यानं आधीच काढून ठेवलं होतं. कुणाचं? कशाला?

तिनं दुकानात फोन लावला. मॉनिटर विकणारी तूव्हा बोलायला मोकळी होती.

"पहिल्यात काही डाग नव्हता हो. मी स्वतः तपासला. तसं त्यांना सांगितलंही. मग म्हणाले, तुमच्या सगळ्यात चांगल्या मॉनिटरवर मला एक चित्र बघू दे. आणि मला म्हणाले, तू जरा कॉफी घेऊन ये."

"तू पाहिलंस ते चित्र?"

"नाही ना! माझ्याकडे पाठच करून उभे राहिले होते."

म्हणजे हा माणूस ते बाहेरही घेऊन फिरत होता.

शनिवारी दुपारी ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आत्ताच्या आत्ता दाखव. नाहीतर मी स्वतः इस्पितळाला कळवते."

त्यानं वाद घातला नाही. जणू तो याचीच वाट पाहत होता. टेबलाशी जाऊन त्यानं मॉनिटरला आपला लॅपटॉप जोडला आणि तो चालू केला. छातीचा एक्स-रे होता, फक्त वरचा भाग, मोठा केलेला. नावाच्या जागी त्यानं काचेवर सुतारकामाची कागदी पट्टी चिकटवली होती.

"कुणाचा आहे हा?"

"आधी वाच. कामावर वाचतेस तसा. मग हवं तेवढं भांड."

ती रागानंच खुर्चीत बसली. सवयीनं नजर फिरू लागली. गळ्याचं हाड, पहिली बरगडी, दुसरी. मग नजर थांबली. तिनं मान तिरकी केली, मागे सरली, पुन्हा पुढे झाली.

राग कुठल्या कुठे गेला. आयुष्यभर लाकडाचा भुसा त्याच्या छातीत जात होता, आणि ती त्याला मॉनिटरवरून टोमणे मारत होती.

"वेड्या," ती म्हणाली आणि तिनं त्याचा हात घट्ट धरला. "एकटाच घेऊन बसला होतास हे?"

"मॉनिटर तपासायला हे चित्र लावलं, तेव्हा आधी मला मॉनिटरचाच दोष वाटला. दुसऱ्यावरही तेच दिसलं. दुकानातल्यावरही. पण मी काय, सुतार. मला काय कळतंय?"

"बरोबर कळलंय तुला. डाग आहे."

"वाईट?"

"लहान आहे. वाटाण्याएवढा. कडा बऱ्यापैकी स्वच्छ आहेत. आणखी तपासण्या लागतील. पण वाईट निघाला तरी एवढा लहान असताना कापून काढता येतो, आणि बहुतेकदा तिथंच विषय संपतो."

"खरं सांगतेस? धीर द्यायला म्हणून नाही?"

"एक्स-रेबद्दल मी कधी कुणाशी खोटं बोलले नाही. सोमवारी सकाळी पहिली वेळ घेते. मी सोबत असेन. घाबरायचं नाही, कळलं?"

त्यानं कित्येक दिवस कोंडलेला श्वास सोडला. डोळे पुसले.

"हे तुझ्याच तोंडून ऐकायचं होतं," तो म्हणाला. "नाव दिसलं असतं, तर तू असं वाचलं नसतंस. वसंतात घरच्या जुन्या मॉनिटरवर घाईघाईत बघून, काही नाही, ठणठणीत आहे, म्हणत हसली होतीस. तसंच पुन्हा केलं असतंस."

"मी? कधी?"

त्यानं नखानं कागदी पट्टीचं टोक उचललं आणि ती हलकेच सोलून काढली. खाली पांढऱ्या अक्षरांत एप्रिलमधली तारीख होती, आणि तारखेच्या वर इल्वाचं नाव.