खर्र

आईचा डावा गुडघा अधू आहे, म्हणून बाबा गेल्यावर मी त्यांच्या जुन्या गाडीत नवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून घेतला. क्लचच उरला नाही. आईने साठीत लायसन्स काढलं. बाबांनी तिला जन्मभर स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. "तुला जमायचं नाही," म्हणायचे, आणि स्वतः दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना दरवेळी गिअर खर्रकन घासायचे.

नवा गिअरबॉक्सही घासू लागला. तिथेच आणि तसाच.

"हे शक्यच नाही," मी गॅरेजात जाऊन मिस्त्रींवर उखडले. "यात गिअर हाताने टाकावाच लागत नाही. मग घासतो कसा?"

"ताई, दोनदा खोलून बघितला. एकाही दात्यावर ओरखडा नाही. जुना गिअरबॉक्स तो काय, कोपऱ्यात पडलाय."

"म्हणजे मला भास होतात?"

"तसं कसं म्हणू? मलाही ऐकू येतं ना."

आईने माझ्या हातातून किल्ली ओढून घेतली. "तुम्ही बसा भांडत. मी निघाले."

मी धावले. तिच्या शेजारचं दार काही केल्या उघडेना, म्हणून मागे बसले. गाडीने वेग घेतला.

खर्र.

आईने गिअरच्या दांड्यावर सपकन चापट मारली. "अहो, हात काढा! आता मी चालवतेय."

"आई, अगं, तिथे कोणी नाहीये."

"ते मला नको सांगूस," आई कडाडली. "त्यांना सांग."