लेडी डॉक्टरची गाडी

गंगापूरहून एसटीत उभ्यानं आले, ती जालना रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात ही पांढरी गाडी बघायला. प्रश्न कागदावर लिहूनच आणले होते, कारण याआधीच्या तीन डीलरांनी मला उत्तरांऐवजी चहा पाजून परत पाठवलं होतं.

"क्लच प्लेट कधी बदललीय?" मी विचारलं.

"मॅडम, लेडी डॉक्टरची गाडी हाय," डीलर गोकुळशेठ म्हणाले. "फक्त घर ते दवाखाना."

"सर्व्हिसिंगची बिलं दाखवा."

"डॉक्टरच्या गाडीला बिलं कशाला बघायची? लई जपून वापरतात ती माणसं."

"मग या डाव्या दाराचा रंग वेगळा का दिसतोय? गाडी कुठं ठोकली होती का?"

"डॉक्टरबाई कशाला ठोकतील? उन्हामुळं तसं दिसतं. चहा सांगू का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अकरा प्रश्न विचारून झाले होते आणि अकराही वेळा मधे ती डॉक्टरीणच येऊन उभी राहिली होती. मी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली आणि उठले.

"काय झालं मॅडम?" शेठ दुखावल्यासारखे म्हणाले. "डॉक्टरच्या गाडीवर पण भरवसा नाय का तुमचा?"

 

"अजिबात नाही. मी स्वतः डॉक्टर आहे. माझ्या गाडीला चार वर्षांत मी गॅरेजचं तोंड दाखवलं नाही, म्हणून तर आज एसटीनं आले."