चौदा अंश

लशींच्या फ्रिजवरचे आकडे मॉरीनने तिसऱ्यांदा वाचले. आत्ताचं तापमान पाच. पण शनिवार-रविवारातलं सर्वांत जास्त तापमान चौदा! आठच्या वर गेलेल्या लशीवर भरवसा ठेवायचा नाही, हे बावीस वर्षं तीच नव्या नर्सना बजावत आली होती. पावणेनऊ वाजले होते, आणि नऊच्या ठोक्याला दवाखान्याची तपासणी करणाऱ्या तपासनीस बाई दारात उभ्या राहणार होत्या.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. साफसफाईवाली डोरीन कोपऱ्यातच फडकं पिळत होती.

"काल मुद्दाम येऊन फरशी घासली, बाई. नुसती आरशासारखी झालीय! फरशीच्या मशीनला प्लग लावायला जागा नव्हती म्हणून दुपारभर फ्रिजचा प्लग काढला. पण जाताना आठवणीनं लावला हं."

"त्याच्यावर चिठ्ठी होती, डोरीन. काढू नये म्हणून."

"ती मळकी? ती आधी खरवडून काढली."

तपासणीच्या तयारीनेच तपासणीचा घात केला होता. मॉरीनला हसावं की रडावं कळेना. तिने हात धुतले.

तेवढ्यात व्यवस्थापक क्लाइव्ह आत आला. लेकीच्या लग्नातला टाय लावून आला होता. गेल्या वर्षी दवाखाना तपासणीत कसाबसा काठावर पास झाला होता, आणि यंदा नापास झाला तर कुलूप लागणार हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मग डोंगरापलीकडचा दवाखाना, नऊ मैल, दिवसाला दोन बसेस. तीन आठवडे क्लाइव्हच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. प्रत्येक बेसिनवर हात कसे धुवावेत याची चित्रं त्याने स्वतः चिकटवली होती, आणि पुढच्या आठवड्याच्या रुग्णांच्या भेटी मात्र सगळ्यांना पेन्सिलीने लिहायला लावल्या होत्या. न जाणो, खोडाव्या लागल्या तर.

त्याने फ्रिजकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"वहीत लिहिलंस?"

"अजून नाही."

"मग आधी बटण दाब. नंतर लिही."

रीत उलटी होती. आधी आकडे वाचायचे, मग वहीत लिहायचे, मग बटण दाबून जुना आकडा पुसायचा. सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं.

"अगं, आत्ता पाच आहे ना? पाचच लिहायचे. खोटं कुठं आहे यात? लशी उद्या गुपचूप टाकून देऊ."

"नऊला कायलीचं बाळ येतंय. त्याची लस यातलीच आहे."

"एका लशीनं काय होतंय, मॉरीन?"

"काहीच होत नाही, क्लाइव्ह. खराब लस टोचली तर काही म्हणजे काही होत नाही. लस टोचून झाली म्हणून कायली सुखानं झोपेल. पुढं खरा आजार आला की मग कळेल."

क्लाइव्हने तिच्या खांद्यावरून हात पुढे केला आणि बटण दाबलं. चौदा गेले. पाच, पाच, पाच.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. तो चहाचं बघायला निघून गेला.

मॉरीन खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा हात धुतले. क्लाइव्हचा राग आला होता आणि त्याची कीवही येत होती. गुडघे धरून बसची वाट बघणारी म्हातारी माणसं डोळ्यांपुढून जाईनात. पाच लिहिले तर कधीच कुणाला कळणार नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

नऊला कायली चार महिन्यांच्या अल्फीला घेऊन आली. तिच्या मागोमाग तपासनीस मिसेस थॉरबर्न. "तुमचं चालू द्या, मी नुसती बघते," म्हणत त्यांनी खुर्ची ओढली आणि फ्रिजची वही चाळायला घेतली.

"नोंदी चोख आहेत. आजची तेवढी राहिलीय."

"लिहिते."

कायलीने अल्फीची मांडी उघडी केलीसुद्धा. "लवकर टोचा हो, भोकाड पसरायच्या आत."

मॉरीनने वही ओढली आणि लिहिलं, चौदा.

मिसेस थॉरबर्ननी वहीकडे पाहिलं, मग फ्रिजकडे. "यंत्र तर पाच दाखवतंय."

"आता दाखवतंय. सकाळी मी चौदा पाहिले. काल दुपारभर प्लग निघालेला होता. यातली एकही लस मी आज टोचणार नाही."

"मग चौदा पुसले कुणी?"

दारात कपबशा वाजल्या. क्लाइव्ह ट्रे धरून उभा होता.

"मी," तो म्हणाला.

मिसेस थॉरबर्ननी बराच वेळ काहीतरी लिहिलं. चहा तसाच निवत राहिला.

"म्हणजे आज नाही?" कायली वैतागली. "सकाळपासून याला सजवून आणलंय मी!"

"आज नाही, पोरी. नव्या लशी मागवते. पुढच्या मंगळवारी ये, नऊला."

"मंगळवारी दवाखाना असेल ना पण? आमची आई म्हणत होती..."

मॉरीनने मंगळवारची वेळ लिहायला अल्फीचं कार्ड पुढे ओढलं आणि सवयीने पेन्सिल उचलली.

मिसेस थॉरबर्ननी लिहायचं थांबवलं आणि आपलं पेन तिच्यापुढे धरलं.