सासूबाईंचा शॉकअप

रुमालावर डाग पडला, तर गाडी जाणार होती.

लेकीनं तो पांढरा रुमाल नवऱ्याच्या खिशात कोंबला आणि त्याला आपल्या आईकडे धाडलं. "पुढच्या शॉकअपच्या पाइपवर फिरवून बघा. ऑइल लागलं, तर आईचं एक अक्षर ऐकू नका. गाडी उचलायची आणि गिऱ्हाइकाच्या दारात लावायची." तिचंही काही चुकत नव्हतं. डाव्या शॉकअपमधलं ऑइल ओघळत पार पुढच्या ब्रेकपर्यंत पोचलं होतं, आणि असल्या मोटारसायकलवर सहासष्ट वर्षांची आई बसलेली कुठल्या लेकीला बघवेल? आईनंही फोनवर कबूल केलं होतं : डाग पडला तर न्या.

आता या सासूबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. पस्तीस वर्षं दवाखान्यातर्फे घरोघरी बाळंतपणं केली, ती याच गाडीवर बसून. त्या शपथेवर सांगत, की काही बाळं तर कोपऱ्यावरून हॉर्न ऐकताच घाबरून बाहेर पडली आणि आपल्याला नुसता चहा पिऊन परतावं लागलं. नोकरीतून त्या निवृत्त झाल्या, पण हे बाळांना कुणी कळवलं नव्हतं. चढावरच्या घरांतून अजूनही निरोप येत. गाडी गेली, की ते जाणं-येणंही गेलं.

जावई पोचला तेव्हा त्या अंगणात स्टुलावर, पुढच्या चाकाशी बसल्या होत्या.

"या जावईबापू. मेकॅनिक म्हणतो, दोन्ही शॉकअप नवे टाका. आकडा असा सांगितला, की तेवढ्यात गाडीनं स्वतःला दोनदा विकत घेतलं असतं."

"मग, आई?"

"मग काय? मी भिंग लावून पाहिलंय. ऑइल अडवणाऱ्या सीलचं रबर फाटलेलं नाही. त्याच्या ओठाखाली कचरा अडकलाय, म्हणून लाळ गळतेय."

पाइपवरची रबरी टोपी त्यांनी आधीच स्क्रूड्रायव्हरनं उचलून वर सरकवली होती. हातात एक्स-रेच्या फिल्मची बोटभर रुंद पट्टी होती, टोकाला कात्रीनं गळासारखा आकडा कापलेला. जावयानं उरलेली फिल्म उचलून उजेडात धरली. तीत अर्धं मनगट होतं.

"हे कुणाचं?"

"तुमचंच की! लग्नाच्या वर्षी तुम्हाला गाडी शिकवायला घेतली होती, विसरलात? हाड जुळलं ना? मग आता त्या फोटोचं काय लोणचं घालायचंय?"

त्यांनी पट्टी सीलच्या ओठाखाली सरकवली आणि डोळे मिटले. ओढाताण नाही, घाई नाही. नुसत्या बोटांच्या अंदाजानं पट्टी पाइपभोवती गोल फिरत राहिली.

"अडलेल्याला ओढायचं नसतं, बापू. वाट करून द्यायची. मग ते आपणहून येतं."

आलं. काळी चिकट रेघ, आणि तिच्यात वाळूचे दोन कण. सासूबाईंनी ते असे निरखून पाहिले, जणू मुलगा की मुलगी ते सांगायचं होतं.

आणखी दोनदा पट्टी फिरली. मग त्यांनी पाइप लख्ख पुसला. "टोपी बसवा खाली. आता चढा गाडीवर, पुढचा ब्रेक धरा आणि हँडल दाबा. जोरात! पाळणा हलवायचा नाहीये. बँकेत बसून कमावलेलं वजन एकदा तरी सासरच्या कामी येऊ द्या."

जावयानं पन्नास वेळा हँडल दाबलं. भिंतीवर बसलेलं मांजर त्याच्याकडे बघता-बघता स्वतःच मान खाली-वर करू लागलं, आणि पुढे तीन दिवस ते तशीच मान हलवत होतं म्हणतात.

तो उतरला. खिशातून रुमाल काढला. डाव्या पाइपवरून फिरवला.

डाग.

सासूबाईंनी डागाकडे पाहिलं. मग घरात गेल्या, गाडीचे कागद आणि किल्ली घेऊन आल्या आणि त्याच्या पुढ्यात धरली. "शब्द दिलाय. न्या." एवढंच. फिरक्या घेणारी बाई अशी तीन शब्दांवर आलेली जावयानं कधी पाहिली नव्हती.

त्यानं किल्ली घेतली नाही. तो रुमालाकडेच बघत राहिला. डाग गोल होता, आणि त्यात बारीक-बारीक रेघा होत्या, एकीत एक गुंफलेल्या. त्यानं आपला अंगठा वर केला. रबरी टोपी ज्यानं दाबून बसवली, तो अंगठा. काळा.

रुमाल तर कामातून गेला होता. जावई पुन्हा गाडीवर चढला. या वेळी त्यानं हँडल शंभर वेळा दाबलं, कुणी न सांगता. मग खाली उतरून गुडघ्यावर बसला, हात खांद्याकडे दुमडला आणि कोपर पुढे करून शर्टाची पांढरी बाही पाइपवर वरपासून खालपर्यंत घासली.

बाही कोरी होती.

एवढ्यात फोन वाजला. बायको.

"रुमाल फिरवला?"

"फिरवला. डाग आहे."

"बघा! मी म्हणत नव्हते?"

"अंगठ्याचा आहे. माझ्या. पाइप कोरडा ठणठणीत आहे. शर्टाच्या बाहीनं पुसून बघितला."



"कुठल्या शर्टाच्या? मी परवा आणला त्या?"

जावयानं उत्तर दिलं असेल-नसेल, कुणाला ठाऊक. त्याच क्षणी त्याच्यामागे सासूबाईंनी किक मारली.